टाकीचं पाणी कोमट का होतं

वहिनी फोन उचलायच्या, पण 'हॅलो' म्हणायच्या नाहीत. पलीकडचा माणूस बोलेपर्यंत नुसता श्वास ऐकू यायचा. आपण नाव सांगितलं, काम सांगितलं, की मग एक "हं" यायचा, आणि तोही असा, की आपलंच नाव आपल्याला खोटं वाटावं. सुरुवातीला लाइन खराब आहे असं समजून मी फोन ठेवूनच दिला होता. पुढे ओळख झाल्यावर त्यांनी कारण सांगितलं.

"समोर कोन हाय ते कळल्याबिगर आपला आवाज कशापायी द्यायचा?"

तळवड्यात आयटी पार्कच्या काचेच्या इमारती संपतात आणि पत्र्याच्या शेडची रांग सुरू होते, तिथे त्यांचा प्लेटिंगचा लहानसा कारखाना होता. चाकणच्या एका मोठ्या कंपनीसाठी लागणारे नट-बोल्ट आणि पट्ट्या तिथे जस्ताच्या टाकीत बुडून चकाकत बाहेर यायच्या. कारखाना मूळचा त्यांच्या यजमानांचा. ते असताना त्या डबा घेऊन यायच्या आणि कामगार त्यांना वहिनी म्हणायचे. यजमान वारले, वहिनी त्यांच्या खुर्चीवर बसल्या, पण त्यांना मालकीणबाई असं कुणी म्हटलं नाही. शेजारचे शेडवाले, माल नेणारे टेम्पोवाले, सगळ्यांच्या त्या वहिनीच राहिल्या. माझ्याही.

मी तेव्हा एका संस्थेत नोकरी करत होते. लहान कारखान्यांमध्ये वीज कुठे वाया जाते ते शोधायचं, जुनी यंत्रं बदलायला आणि छतावर सोलर बसवायला कर्ज मिळवून द्यायचं, आणि त्या कर्जाचा हप्ता वाचलेल्या विजेच्या पैशांतून निघेल असा बेत आखायचा, हे आमचं काम. कागदावर हे फार सोपं दिसायचं. भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यातले कारखानदार ऐकून मान डोलवायचे, चहा पाजायचे आणि पुढच्या महिन्यात बघू म्हणायचे. वहिनींनी मान डोलवली नाही आणि चहाही पाजला नाही.

"म्हंजे आज माझ्या खिशात जे न्हाई ते उद्या येनार, आनि आल्या आल्या त्यातनं तुमी नेनार," त्या म्हणाल्या. "आनि आलंच न्हाई तर?"

"येणार, वहिनी. आम्ही मोजून देतो."

"मोजनार कोन?"

"आम्हीच."

त्यांनी माझ्या कार्डाची मागची कोरी बाजू बराच वेळ वाचली. मग कार्ड परत माझ्या हातात दिलं.

माणूस खरं बोलतो का हे बघायची त्यांची एक पद्धत होती. कुठलाही प्रश्न त्या दोनदा विचारायच्या, एकदा माणूस आल्यावर आणि एकदा तो निघताना, चपला घालता घालता. उत्तरात एक शब्द जरी इकडचा तिकडे झाला, तरी तो माणूस त्यांच्या मनातून उतरायचा. दुसऱ्याच्या ऑफिसात त्या चहा घेत नसत. "चहा पोटात गेला की तोंडातनं 'न्हाई' निघत न्हाई." हसत आत येणारा माणूस काहीतरी विकायला आलेला असतो, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यामुळे त्यांच्याकडे जाताना मी गेटवरच चेहरा गंभीर करून घ्यायचे.

आणि नख. उजव्या अंगठ्याचं नख त्यांनी जरा वाढवलेलं होतं. समोर कुठलीही नवी वस्तू आली की त्या नखानं तिचा कोपरा खरवडायच्या. यामागे एक जुनी गोष्ट होती. यजमानांनी कधीतरी एक रेक्टिफायर घेतला होता. टाकीला जो ठरावीक करंट लागतो, तो देणारं हे यंत्र. विकणाऱ्यानं नवाकोरा म्हणून दिला. पुढच्या पावसाळ्यात त्याचा निळा रंग पोपडे धरून निघाला आणि खालून हिरवा रंग दिसायला लागला. विकणारा तोवर गाशा गुंडाळून गेला होता. "मालक हसले आनि गप बसले," वहिनी सांगायच्या. "मी तवापास्नं समद्याचा रंग खरवडून बघते." सोलरचे नमुने घेऊन जे विक्रेते आले, त्यांच्या पॅनेलच्या चौकटीही अशाच खरवडल्या गेल्या. एकानं कुरकुर केली, तो तिथेच बाद झाला. दुसऱ्याला त्यांनी विचारलं, "ऊन पडलं न्हाई तर हप्ता कोन भरनार, तू का सूर्य?" तोही नमुने गोळा करून निघून गेला.

एकदा मला त्या आळंदीला घेऊन गेल्या. मंदिराबाहेर त्यांनी एक चप्पल एका फुलवाल्याच्या पाटाजवळ काढली आणि दुसरी पार पलीकडे, प्रसादाच्या दुकानापाशी. मला हसू आलं. "हसतीस काय? एक चप्पल कोन चोरंल?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, निदान देवाच्या दारात तरी. तर म्हणाल्या, "देव आत हाय गं. बाहेर मानसंच हायेत."

हे सगळं आता सांगताना गंमत वाटते. तेव्हा तशी वाटत नसे. त्यांच्या कारखान्यात पाऊल टाकलं की आपण काहीतरी लपवतोय, असं आपल्यालाच वाटायला लागायचं. कामगार एकमेकांशी हळू बोलत. खुर्ची अशी मांडलेली, की तिच्यावरून टाक्या, गेट आणि मीटरची खोली, तिन्ही एका नजरेत यावं. मीटरच्या खोलीच्या कडीला रोज संध्याकाळी त्या स्वतः पांढरा दोरा बांधायच्या आणि सकाळी तो तसाच आहे का ते बघायच्या. छताच्या चार कोपऱ्यांत चार कॅमेरे होते. पाचवा त्या चार कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राकडे तोंड करून लावलेला होता.

त्यांनी आम्हाला अखेर आत घेतलं ते चाकणच्या कंपनीमुळे. कंपनीनं सगळ्या पुरवठादारांना कळवलं होतं की वीज कमी वापरा, सोलर लावा, नाहीतर पुढच्या वर्षीची ऑर्डर धरून चालू नका. वहिनींचं जवळजवळ सगळं काम त्या एका कंपनीचं. ते गेलं असतं तर शेडला कुलूप लागलं असतं आणि पंधरा-वीस माणसं घरी बसली असती. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तू आनि ते चाकनवाले एकमेकांना सामील तर न्हाई ना?"

मी नाही म्हटलं. निघताना त्यांनी तो पुन्हा विचारला. मी तोच शब्द, त्याच सुरात म्हटला. मग म्हणाल्या, "लाव तुझं यंत्र."

यंत्र म्हणजे विजेच्या मुख्य तारांना लावायची एक लहान डबी. कुठल्या वेळी किती वीज गेली ते ती टिपून ठेवते. वहिनींनी ती आधी खरवडली. मग ती कुणाच्या विजेवर चालते ते विचारलं. बॅटरीवर, असं कळल्यावर तिच्याभोवती दोरा गुंडाळला, विजेच्या पॅनेलला आपलं कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला लावली.

त्याच दिवशी त्यांनी मला रशीदभाईंची गोष्ट सांगितली, एखादा जुना विजय सांगावा तशी.

रशीदभाई यजमानांच्या काळापासूनचे फोरमन. यजमान गेल्यावर पहिली दोन वर्षं कारखाना त्यांनीच ओढला. कुठल्या टाकीत किती रसायन आणि कुठल्या मालाला किती वेळ, हे वहिनी त्यांच्याकडूनच शिकल्या. मग विजेचं बिल वाढायला लागलं. काम तेवढंच, बिल जास्त. वहिनींच्या मनात आलं, रात्री कुणीतरी इथे बाहेरचं काम करून घेतंय. दुसरी किल्ली रशीदभाईंकडे. सकाळी सगळ्यांच्या आधी येणारेही तेच. एके दिवशी वहिनी त्यांच्याही आधी येऊन बसल्या. आल्या आल्या प्रत्येक टाकीत हात घालून बघितला. शेवटची टाकी, मालावरचं तेल काढायची, तिचं पाणी कोमट लागलं. रात्रभर बंद असलेल्या टाकीचं पाणी कोमट कसं?

"तितंच पकडला," वहिनी म्हणाल्या. "समदी मानसं आल्यावर मधी उभा केला आनि किल्ली काढून घेतली. म्हनलं, चोर हायेस तू. चालता हो."

"ते काय म्हणाले?"

"काय म्हननार? टाकीकडं बघत ऱ्हायला. मग गेला." त्या माझ्याकडे रोखून बघत राहिल्या. "शेजारचे आले सांगायला, तसल्यांना ठेवलंतच कशाला म्हनून. त्यांनापन हाकललं. म्हनलं, चोराला जात न्हाई आनि धरम न्हाई, मला तर तुमचापन संशय येतो. पन तो गेला आनि बिल उतरलं का न्हाई? उतरलं. संशय घेतला म्हनून वाचले मी."

मी सहज विचारलं, तेव्हा काम किती होतं. तेव्हा मंदी होती, त्या म्हणाल्या, चाकणहून निम्माच माल यायचा. माल निम्मा, तर बिल उतरणारच, हे मी मनातच ठेवलं. मंदी सरल्यावर बिल पुन्हा चढलं होतं, हेही त्यांनीच सांगितलं. तेव्हा त्यांनी वॉचमन बदलला. नंतर शेजारच्या शेडवाल्यानं आपली तार जोडली असेल म्हणून जमीन उकरून बघितली. त्यानंतर मीटर तपासून घेतला. शेवटी कॅमेरे लावले. रात्री कॅमेऱ्यात मांजराशिवाय कुणी दिसलं नाही, तेव्हा कॅमेरे बसवणाऱ्यालाच कुणीतरी फितवलंय, असं ठरलं. कुणावर तरी संशय होताच, फक्त तो जागा बदलत होता. जिथे सुरू झाला, तिथे मात्र त्यांनी तो परत नेऊन बघितला नव्हता.

आमच्या या सगळ्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते. पहिल्या आठवड्याची नोंद मी काढली तेव्हा त्यात गुरुवारीही वीज गेलेली दिसत होती. कॅमेऱ्यांना आणि गेटच्या दिव्याला लागते त्याहून कितीतरी जास्त, आणि दिवसभर एकसारखी. मी वहिनींना दाखवलं. त्यांनी ते नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "तुझं डबडं खोटारडं हाय."

"मग पुढच्या गुरुवारी आपण दोघी आत बसू," मी म्हटलं. "आतून कुलूप लावा. वॉचमनलाही सुट्टी द्या."

हा बेत त्यांना फार आवडला. गुरुवारी सकाळी त्या डबा, पाण्याची बाटली आणि एक सतरंजी घेऊन आल्या. वॉचमनला घरी पाठवून त्यांनी शटर आतून ओढून घेतलं. एरवी खडखडाट असलेली ती शेड इतकी शांत झाली की पत्र्यावरून कावळा चालला तरी कळत होतं. सगळी बटणं बंद होती. पॅनेलवरचा एकही दिवा लागलेला नव्हता. मुख्य स्विच तेवढा चालू, कारण तो बंद केला तर कॅमेरेही बंद पडले असते.

वहिनी सतरंजीवर बसून टक लावून बघत होत्या. कुणाची वाट बघत होत्या कुणास ठाऊक. मी डबीवर बघितलं. वीज जात होती.

"वहिनी, टाक्यांना हात लावून बघता का?"

त्या उठल्या. पहिली टाकी, दुसरी, तिसरी. बांगड्या मागे सारून कोपरापर्यंत हात घालत त्या पुढे चालल्या होत्या. शेवटच्या टाकीत हात घातला आणि तो तसाच पाण्यात राहिला. मला वाटलं, काही टोचलं की काय.

"कोमट हाय," त्या म्हणाल्या.

मी त्या टाकीचा पॅनेल उघडला. आत हीटरला वीज देणारा आणि तोडणारा आपोआप चालणारा स्विच असतो, त्याला कॉन्टॅक्टर म्हणतात. तो जुना होऊन आतून जळला होता आणि त्याचा एक भाग चिकटून बसला होता. बाहेर बटण बंद, दिवा विझलेला, पण आत हीटरच्या एका कांडीला वीज मिळतच होती. एकाच कांडीला, म्हणून पाणी उकळत नव्हतं, नुसतं कोमट राहत होतं. मी मुख्य स्विच बंद केला आणि स्क्रूड्रायव्हरनं तो भाग सोडवला. टक् असा लहानसा आवाज झाला.

"असा किती दिवस चिकटत असंल?" वहिनींनी विचारलं.

"काजळी बघता बरीच वर्षं. असे स्विच कधी चिकटतात, कधी आपोआप सुटतात. म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही."

 वहिनी पदरानं हात पुसत राहिल्या. हात कोरडा झाला तरी पुसत राहिल्या. मग सतरंजीवर जाऊन बसल्या आणि डबा उघडला. आम्ही दोघींनी भाकरी खाल्ली. शेवटचा घास हातात धरून त्या म्हणाल्या, "समद्यांच्या म्होरं म्हनले व्हते मी त्याला."

रशीदभाई काळेवाडीत विजेच्या जळालेल्या मोटारी नवी तार भरून रिवाइंड करायचं दुकान चालवतात, हे वहिनींना माहीत होतं. त्यांना सगळ्यांचंच सगळं माहीत असायचं. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. पहिल्यांदाच त्या आधी बोलल्या. म्हणाल्या, तुझी गाडी घेऊन ये, आपल्याला काळेवाडीला जायचंय.

"मी कशाला, वहिनी? तुमचं तुम्ही बोला."

"तू पायजेस. मी त्याला काय बोलले आनि तो काय बोलला, ते नंतर मला बदलता येऊ नये."

संशयाच्या यादीत त्यांनी आता स्वतःलाही घेतलं होतं.

दुकान अगदी लहान होतं. दाराशी उघड्या मोटारी, भिंतीला तांब्याच्या तारेची रिळं. रशीदभाई स्टुलावर बसून तार गुंडाळत होते. दाढी पांढरी, चष्मा नाकावर उतरलेला. वहिनींना बघून ते उठले, खुर्ची पुसली आणि म्हणाले, "या वहिनी." जसं काही त्या कालच येऊन गेल्या होत्या. समोरच्या टपरीवरून चहा आला. वहिनींनी पेला उचलला आणि सगळा चहा पिऊन टाकला. मी बघत राहिले.

"रशीद, चोरी झालीच नव्हती," त्या म्हणाल्या. "टाकीचा स्विच चिकटत व्हता. मला आत्ता कळलं."

"कुठली टाकी? तेलाची?"

"व्हय."

रशीदभाईंनी चष्मा काढून हातात घेतला. "त्या टाकीचं पाणी कधी कधी सकाळी कोमट असायचं," ते म्हणाले. "मला वाटायचं, मीच रात्री बंद करायला विसरतोय. वय झालं, डोकं चालत नाही. म्हणून मी रोज लवकर यायचो, तुमच्या आधी बघायला. तुम्हाला सांगायची लाज वाटायची. तुम्ही चोर म्हणालात तेव्हासुद्धा पहिलं हेच मनात आलं, की बघ, विसरलास शेवटी."

वहिनी जमिनीकडे बघत होत्या.

"मुलीचं लग्न ठरत होतं. मुलाकडचे लोक तळवड्यात चौकशीला गेले. सगळ्या शेडमध्ये त्यांना तेच ऐकायला मिळालं. लग्न मोडलं नाही, अल्लाची मेहेरबानी. पण त्यांनी मला घरी येऊन विचारलं, खरं आहे का म्हणून. मुलीसमोर विचारलं."

 रस्त्यावरून बस गेली, दुकानातली रिळं हलली.

"परत ये कामावर," वहिनी म्हणाल्या.

"नाही वहिनी. इथे बरं आहे."

"मग मी काय करू ते तरी सांग."

रशीदभाईंनी पुन्हा तार हातात घेतली. "मी काय सांगणार? तेव्हा सगळ्यांसमोर म्हणालात. आज इथे तिघांत सांगताय." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. आहे ते सांगावं तसं ते म्हणाले आणि कामाला लागले.



कर्जाचं काम त्या महिन्यात पुढे सरकलं आणि नेमकं एका विचित्र जागी अडलं. वहिनींनी आयुष्यात कुणाकडून कर्ज घेतलेलं नव्हतं. घेणार कसं, बँकेवर विश्वास असेल तर ना. त्यामुळे कर्ज देणाऱ्यांकडे त्यांची कसलीच नोंद नव्हती. कधी बुडवलं नाही, हे खरं, पण कधी फेडलंही नव्हतं. तिथल्या अधिकाऱ्यानं मला सांगितलं, "मॅडम, बाईंना ओळखणारं, त्यांचा व्यवहार जवळून बघितलेलं कुणीतरी लागेल. बाजारात विचारलं तर सगळे म्हणतात, बाई विक्षिप्त आहे, आम्हाला यात घेऊ नका."

मी वहिनींना विचारलं. त्यांनी शेजारच्या शेडवाल्याचं नाव घेतलं आणि खोडलं. रसायनवाल्याचं घेतलं आणि खोडलं. कुणाचं नाव द्यावं असं एकही माणूस त्यांनी आपल्या आसपास ठेवलेला नव्हता. शेवटी म्हणाल्या, "रशीदचा नंबर दे."

"वहिनी, तुम्ही त्यांना चोर म्हणून काढलं होतं. ते काय सांगतील?"

"जे खरं हाय ते सांगंल."

मला नंबर देताना धाकधूक होती. त्यांच्या संशयी स्वभावापायी आमचं सगळं काम तिथेच संपेल, असं वाटत होतं. दोन दिवसांनी अधिकाऱ्याचा फोन आला. तो हसत होता.

"अहो, तो माणूस काय म्हणाला माहितीये? म्हणाला, बाई फार संशयी आहे, मला चोर ठरवून काढलंय, तिच्याकडे नोकरी करू नका. पण पैसे द्यायचे असतील तर डोळे मिटून द्या. पगाराला एक दिवस उशीर केला नाही कधी, मालक गेले त्या महिन्यातसुद्धा. मला काढलं त्या दिवशीसुद्धा हिशेब पुरता केला."

कर्ज मंजूर झालं. वहिनींना मी हे शब्द जसेच्या तसे सांगितले. "नोकरी करू नका म्हनला?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "बरोबर हाय," त्या म्हणाल्या आणि मीटरच्या खोलीकडे निघून गेल्या.

जुना रेक्टिफायर गेला, टाक्यांना उष्णता धरून ठेवणारं आवरण बसलं, छतावर सोलर चढलं. बसवणाऱ्या पोरांच्या मागे वहिनी शिडी चढून पत्र्यापर्यंत गेल्या आणि प्रत्येक बोल्ट हलवून बघितला. चाकणच्या कंपनीची माणसं येऊन बघून गेली आणि पुढची ऑर्डर पक्की झाली. सोलर सुरू करायच्या दिवशी त्यांनी छोटी पूजा ठेवली, पेढे आणले आणि रांगेतल्या सगळ्या शेडवाल्यांना बोलावलं. याआधी त्यांनी कुणाला कधी बोलावलं नव्हतं, त्यामुळे झाडून सगळे आले.

नारळ फुटला. लोकांना वाटलं, आता सोलरविषयी बोलतील. वहिनी तेलाच्या टाकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"इथं मी रशीदला चोर म्हनले व्हते," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच, कोरडा. "तुमच्यातल्या लई जनांनी ऐकलं व्हतं. ज्यांनी ऐकलं न्हाई त्यांना दुसऱ्यांनी सांगितलं. रशीदनं चोरी केली न्हाई. स्विच खराब व्हता. मी त्याला न इचारता चोर ठरवलं. आता हे जाऊन सांगा. तवा जेवढ्यांना सांगितलं, तेवढ्यांना सांगा."

 पेढ्याचा बॉक्स फिरला. लोक पांगायला लागले तेव्हा माझ्या मागे उभे असलेले दोघे शेडवाले कुजबुजत होते. एक म्हणाला, "म्हातारीला फोरमन मिळत नसेल आता, म्हणून हे नाटक." दुसरा म्हणाला, "नाहीतर कोर्टात जाईन म्हणाला असेल तो." मला इतका राग आला की मी वळले. पण वहिनी माझ्या शेजारीच होत्या आणि त्यांनीही ते ऐकलं होतं. त्यांनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. मीपन त्येच म्हनले असते."

पाहुणे गेल्यावर आम्ही दोघी ऑफिसात बसलो होतो. ऊन उतरलं होतं. फोन वाजला. वहिनींनी उचलला आणि ऐकत राहिल्या. मध्ये फक्त एकदा "व्हय" म्हणाल्या आणि एकदा "न्हाई, खरंच हाय ते." फोन ठेवून त्यांनी तो मांडीवर तसाच धरला.

"रशीद व्हता. त्याला कुनीतरी इथनंच फोन केला."

"काय म्हणाले?"

"म्हनला, एवढ्या लोकांम्होरं कशाला, वहिनी." त्या थांबल्या. "कामावर येनार न्हाई, ते पुन्यांदा सांगितलं. मग म्हनला, गुरुवारी घरी या जेवायला. बायको म्हनतीय, पोरगीपन येनार हाय सासरहून."

"चांगलं झालं की."

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. ती त्यांची नेहमीची नजर होती, समोरच्याच्या आत काय आहे ते चाचपणारी. "कशापायी बोलावलं असंल गं?"

"जेवायला, वहिनी."

"नुस्तं जेवायला?"

"नुसतं जेवायला."

बाहेर टाक्यांवरचे पंखे चालू होते. कामगार निघायच्या तयारीत होते. वहिनी खुर्चीत मागे टेकल्या. मग हळूच, कुणी ऐकू नये अशा आवाजात म्हणाल्या, "त्याची पोरगी एवढीशी असताना मी तिला बघितलं व्हतं. लग्नालापन गेले न्हाई. तिच्यासाठी काय घेऊन जाऊ?"